लाभ

परभणीच्या मोंढ्यात, अडतीमागच्या खोलीत
इलाही मापाड्याच्या डोक्यावर मी टोपी चढवते.
केस दाट, वर खोबरेल;
कापसाच्या काडीनं बट बट सारत
उजेडाला वाट करून देते.

"दिसायला तर काहीच नाही."
लहानपणी बॅटरीवर मूठ धरली असेल ना, चाचा?
बोटं लाल व्हायची. तसंच हे.
फक्त हा उजेड डोळ्यांना कळत नाही,
रक्ताला कळतो.

शंभरातून सात सात वजा करा.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर,
पोत्यातून तूर ओतावी तसे.
पडद्यावरची रेघ जागची हलत नाही.
चाळीस वर्षं माप घेतलेलं डोकं,
त्याला एवढ्यानं घाम कशाला फुटेल?

आता तीस सेकंद काही नको. नुसतं बसा.

आणि रेघ चढू लागते.
बाहेर नवा काटा टीं करतो.
पुन्हा टीं.
रेघ उतरत नाही.

"काय आठवत होता?"
"आठवायचं काय त्यात? पोती मोजायलो व्हतो.
त्यो काटा नुसता टीं म्हणतोय.
मापाला एक नसतो, बाई.
लाभ म्हणायचं. मग दोन."

रात्री फाईलला नाव देते:
नमुना एक.
पुसते.