ताट फिरवते

उजवीकडची अर्धी पोळी संपते.
डावीकडची भेंडी, वरणाची वाटी
त्याच्या लेखी मी वाढलेलीच नसते.
"एवढंच? दिवसभर करतेस काय?"
मी ताट अर्धं फिरवते.
तो पुन्हा जेवू लागतो,
दुसऱ्या कुणाच्या घरी आल्यासारखा.

एकवीस वर्षं हे शारजाच्या बंदरात क्रेनवर.
इतक्या उंचावरून कंटेनर असा टेकवायचे
की झोपलेलं मूल गादीवर ठेवावं.
घरी आले की गप्प.
मीच म्हणायचे, अहो, बोला की काहीतरी.

आता तो बोलतो.
लिफ्टमध्ये शेजारणीला तिचं वजन विचारतो,
खाली ग्रोसरीत अश्रफला चोर म्हणतो,
आणि संध्याकाळी त्याच अश्रफच्या हातात
शंभर दिरहम कोंबून येतो, बहिणीच्या लग्नाला म्हणून.
अश्रफ नोट परत आणून देतो.
"चेची, बहीण अजून चौथीत आहे."
दारात आम्ही दोघं चपलांकडे बघत राहतो.

फिजिओथेरपीची मुलगी समजावते,
मनावर घेऊ नका, हे ते बोलत नाहीत,
आजार बोलतो.
बरं.
पण परवा तो म्हणाला,
हेमा, तुझा आवाज मला कधीच आवडला नाही.
आजाराची नि माझी ओळख सात महिन्यांची.
'कधीच' हा शब्द त्यानं कुठून आणला?

कोइमतूरहून मुलाचा फोन येतो.
बाबा कसे आहेत? जेवले.
दे ना त्यांना. झोपलेत.
मागे टीव्हीवरच्या बातमीदाराला
तो आईवरून शिव्या घालत असतो.
मार्चमध्ये व्हिसा संपेल, मग वेंगुर्ला.
दिरांना आधी काय सांगायचं, ते अजून जुळत नाही.

रडायचं असलं की
मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसते.
तिथं कुणी नसतं. मीही नसते.
काल तशीच बसले होते.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
बाहेर जूनमधली दमट धूळ, खाडी दिसतच नव्हती.
आणि अगदी हळू, कंटेनर टेकवल्यासारखं,
हे म्हणाले,
"हेमा कुठं गेली? इतक्या उन्हात?
भाजी आणायला गेली असेल."

हात लावला असता तर ओळखलं असतं का, माहीत नाही.
मी हलले नाही.
आणखी थोडा वेळ
भाजीच आणत राहिले.