खोचण

पहाटे चौकीच्या पायरीवर
कुमरेमामा माझ्या पायांकडं बघायचे,
तोंडाकडं नाही.
"डावी लोंबून रायली ना वं बाई."

मग सगळं पुन्हा सोडायचं.
पॅन्टची कड घोट्याशी आवळायची,
आतल्या अंगाला एक घडी,
तिच्यावर मोजा, मग बूट,
नाडीचं टोक बुटात, काट्याला न सापडेल असं.
"कुसळ दार शोधते. गोचीडबी.
आपुन दारच ठेवाचं नाही."

स्वतः हाफपँटीत.
पायांत टायरच्या चपला,
पोटऱ्यांवर सव्वीस वर्षांचं ओरखड्यांचं गिचमिड,
कुठं बोराटी, कुठं चिल्हाटी,
एक खूण अस्वलाची, तिच्याबद्दल बोलत नसत.
मी विचारलं, तुमचे बूट?
"वनमजुराले कुठं असते ते,"
आणि गवतात पुढं शिरले.

दिवाळीनंतर सिंदेवाहीच्या स्टोअरात
तीन चकरा मारून
आठ नंबरचा एक जोड आणला.
मामांनी घातला,
अंगणात चार पावलं टाकली, करकर वाजवले,
मग थांबून खाली बघितलं.
बुटाच्या वर उघडी नडगी,
गुडघ्यावर खाकी संपलेली.

"आता याच्यात
खोचू काय वं?"