वाक्यात उपयोग करा

रेवानं फोनवर विचारलं, बाबा, क्रॅश म्हणजे?
म्हटलं, आधी तो शब्द नव्हताच गं,
नुसता आवाज होता काही फुटल्याचा,
आपल्या खळ्ळकनसारखा.
मग त्याला नोकऱ्या लागल्या :
विमानात, शेअरबाजारात, कॉम्प्युटरात.

हे नाही सांगितलं, की इथे शारजात
आमची कंपनी गेली तेव्हा काहीच वाजलं नाही.
पंचिंग मशीनवर अंगठा ठेवला,
हिरवा दिवा लागला नाही.
कोयाक्कानं बोट शर्टाला पुसून पुन्हा ठेवलं.
पुन्हा.
गोदामात चार हजार कपबश्या
खोक्यांत शाबूत.

वाक्य सांगा ना, बाबा.
लिही : सर्व्हर क्रॅश झाला.

तिच्या मागे, स्वयंपाकघरात,
हिच्या हातून ताटली निसटली.
स्टीलची.
बराच वेळ घुमत राहिली.