शिवळेची मूठ

दीड इंची पटाशीची मूठ फुटली
गुरुवारी, बिडीच्या गिऱ्हाइकाच्या चौकटीवर
कुसवाची खाच पाडताना.
आवाज लाकडाचा नव्हता,
दात पडल्यासारखा होता.

पातं अप्पांच्या लग्नाआधीचं.
बैलहोंगलच्या मोनाप्पा कंबारानं
ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकलेलं.
तो म्हणायचा उळी, अप्पा म्हणायचे पटाशी,
आणि दोघं भांडले ते फक्त पाणी देण्यावरून:
तो म्हणे, गवताच्या काडीचा रंग आला की बुडव,
अप्पा म्हणत, थांब अजून,
जांभळ्याच्या जरा अलीकडं.

चाळीस वर्षांत ते पातं बोटभर उरलंय.
बाकीचं निसण्यावर गेलं, काळ्या पाण्यातून
नंदगडच्या या परड्यात, अळवाच्या मुळाशी.
आमचं अळू खाजत नाही ते त्या लोखंडामुळं,
असं आई म्हणते. खरं काय ठाऊक.

धार लावायला मला कुणी शिकवलं नाही.
दगडावर पाणी शिंपडायचं काम होतं माझं,
नववीत असल्यापासून.
आधी पाठ, ते स्वतःशीच बोलत,
पाठ सपाट नसली की तोंड खोटं बोलतं.
मग उतार. मग अंगठ्याला लागणारी ती बारीक कड
जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर मोडायची,
आणि शेवटी डाव्या हाताची लव.

चंदगडचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा
त्यांच्यातल्या एका बाईनं मनगट धरून विचारलं,
हे काय गे, भाजलेलं का?
मी म्हटलं, नाही, धार बघते तिथं.
चहा निवला.
बरंच झालं, त्या दिवशी
शाळेच्या दोन खिडक्या द्यायच्या होत्या.

मुठीला धामण लागते. जंगलात आहे,
जंगलखातं आहे.
माळ्यावर शिवळ सापडली एक,
बैल विकून अकरा वर्षं झाली,
चुलीच्या धुरानं काळी, वाजवली तर खणखणीत.
कापली.
शेंबी काढली बिघडलेल्या स्टोव्हच्या पंपाची.
पात्याची शेपूट लाल करून आत खुपसली,
धूर आला. मुद्दाम हुंगला.
बैलाचा वास नव्हता.

अप्पांचा उजवा हात दिवाळीपासून ऐकत नाही.
डाव्यात दिली. त्यांनी डोळे मिटले.
जाड झालीय गे.
काचेच्या तुकड्यानं तासली.
पोटात जाड हाय.
पुन्हा तासली, कीस भुकटीसारखा उडाला.
आता शेंबीकडं बघ.
मी वैतागले. कुणाच्या हाताला जाड,
तुमच्या का माझ्या?
पटाशीच्या, म्हणाले.

चौथ्यांदा काहीच बोलले नाहीत.

बिडीचा माणूस टेंपो घेऊन दारात उभा.
मी एक इंचीनं भागवलं,
खाच थोडी ओबड झाली, त्याला कळली नाही.
दीड इंची आत होती,
पातं टॉवेलात गुंडाळलेलं,
मूठ त्यांच्या डाव्या हातात.
मागायला गेले होते मी.
ते झोपले नव्हते.