रफ कट

राजाराम पुलाच्या पुढे
मागच्या सोमवारी रात्रीतून
सिंहगड रस्ता सोलून ठेवलाय कुणी.
डांबराची साल गेली,
खाली उभ्या रेघा, बोट बसेल एवढ्या,
दिवा पोचतो तिथवर.
'काम चालू'ची पाटी एका विटेला टेकून
स्वतःच निवांत.

आधी पुढचं चाक ऐकेनासं होतं.
मी म्हणते उजवीकडे, ते म्हणतं बघू.
एक रेघ धरतं, सोडतं, शेजारची धरतं,
मंडईत तीन गाड्यांवरच्या मेथीला हात लावून
कुठलीच न घेणाऱ्या बाईसारखं.
हँडल डुगडुगतं.
मागे अण्णा बसलेले.

पहिल्या दिवशी मी गाडीलाच दोष दिला.
गाडी अण्णांची, दोन हजार चारची,
कंपनीच्या सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली.
नाना पेठेत इलाहीकडे नेली.
त्याने चाक उचलून फिरवलं, कोनसेट चाचपला,
स्पोकांवर पाना वाजवत गेला एकेक,
कान देऊन.
मग स्वतःच घेऊन गेला चक्कर मारायला
आणि माझा चहा निवला तरी आला नाही.
"ताई, गाडी शहाणी आहे.
टायरला मधोमध सरळ नाळी, रस्त्यालाही सरळ नाळी,
जमलंय त्यांचं. तुम्ही मध्ये पडू नका.
मूठ सैल सोडा. नजर लांब.
ब्रेक आहे हेच विसरा."
पैसे घेतले नाहीत. चहाचे मात्र मलाच द्यायला लावले.

सैल सोडा!
उजवीकडून पीएमटी घासून जाते,
डावीकडून हेल्मेटात मोबाइल कोंबलेला एक जण
"पोचलोच" असं कुणाला तरी सांगत
अजून इथेच.
माझी मूठ आवळते. आवळली की डुगडुग वाढते.
गुडघे टाकीला, खांदे ढिले, गुडघे टाकीला,
तिसरा गिअर, पस्तीस,
पुटपुटत जाते मी, परीक्षेला निघाल्यासारखी.

आज डॉक्टरांनी अण्णांना
कागदावर गोगलगायीचं शंख काढायला लावलं.
आतून बाहेर, पेन न उचलता.
एकतीस वर्षं चिंचवडला लेथवर उभा राहिलेला माणूस,
केसाचा दहावा हिस्सा जास्त गेला तर
जॉब बाजूला काढून ठेवणारा.
शंखाच्या दुसऱ्याच वेढ्याला दाते आले.
डॉक्टर काही बोलायच्या आत तेच म्हणाले,
"चॅटर आलंय."
मग कागद उलटा करून ठेवला.
फी मी भरली. जिन्यात कुणी बोललं नाही.

आता त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर,
आणि खाली त्या रेघा.
हँडल थरथरतं, टाकी थरथरते,
आरशात मागचे दिवे थरथरतात,
माझे दात, डॉक्टरांची फाईल, टिफिनचा चमचा.
हात कुठे संपतो, रस्ता कुठून सुरू होतो
मला कळेना.
त्यांनाही कळत नसावं,
कारण सकाळपासून पहिल्यांदा ते सरळ बसले होते.
मूठ कधी सुटली माझी, माहीत नाही.

आनंदनगरच्या अलीकडे अण्णा म्हणाले,
"उज्वे, थांब."
मला वाटलं चक्कर आली.
कडेला उतरले, उकिडवे बसले,
अंगठ्याचं नख एका रेघेवरून आडवं ओढलं,
मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या.
मागून हॉर्नचा गोंधळ, कुणीतरी आईवरून बोललं.
"रफ कट आहे. खोल घेतलाय.
पण पिच बघ, सगळीकडे सारखा.
मशीन बरी आहे यांची."
उठायला मी हात दिला,
तो त्यांनी घेतला.

डांबर लागलं तशी गाडी गप्प झाली.
टाकी गप्प, चमचा गप्प.
खांद्यावर तेवढं चालू राहिलं,
धायरीपर्यंत.

जिन्याशी म्हणाले,
"पंधरा तारखेलाही त्याच रस्त्याने ने."
म्हटलं, तोवर डांबर पडेल, अण्णा.
हेल्मेटचा पट्टा सोडवत होते, सुटत नव्हता,
मी मदत केली नाही.

"बघू," म्हणाले.