दुमड

पत्रा उडाला तेव्हा मी
हजारातली सातशे चाळिसावी विडी वळत होते.
आधी धूळ आली अक्कलकोट रोडकडून,
मग कोपऱ्यातला पत्रा एकदा टाळी वाजवल्यासारखा उठला
आणि वर ठेवलेले अकरा दगड
एकेक करून अंगणात उतरले.
पत्रा सापडला तिसऱ्या गल्लीत,
चिलकांच्या हौदावर आडवा.
कुणाला लागलं नाही. एवढंच.

तोच पत्रा ठोकून परत बसवला, त्यावर तेच दगड,
आणि चार वर्षं भिशी, पतपेढी,
नवऱ्याच्या टॉवेल कारखान्यातली उचल.
मग एका दुपारी सळई आली,
गल्लीभर पसरली, हात लावता येईना इतकी तापलेली.

शफी शिकलगार नावाचा फिटर.
रिंगा वाकवायला बसला तो पत्र्याच्याच सावलीत,
समोर मी, मांडीवर सूप.
मुकादम म्हणाला, "काटकोनात वाकव की बे, लवकर सरतंय."
शफीनं वर बघितलं नाही.
रिंगेचं टोक त्यानं आत, अजून आत,
खांबाच्या गाभ्याकडे तोंड करून दुमडलं.

"भूकंपात वरचं सिमेंट सालीगत निघतंय, मावशी.
टोक बाहेर राहिलं तर रिंग उघडती.
रिंग उघडली की खांब गेला."
बऱ्याच वेळानं, पान्यावर जोर देत,
"किल्लारीकडं माझी आत्या होती.
तिथं सळईच नव्हती. दगड, माती,
वर अजून हातभर माती.
उन्हाळ्यात गार वाटायचं म्हणे."

मी हातातली विडी बघितली.
तिचं तोंड मी नखानं असंच आत दाबते,
तीस वर्षं झाली,
नाहीतर तंबाखू सांडते आणि चेकर छाट काढतो.
म्हटलं, "दे बघू."
रिंगेच्या टोकावरून अंगठा फिरवला.
ही छाट नव्हती.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाल्याला पाणी वाढवायचं होतं;
पातळ माल झटपट सरकतो, माणसं लवकर सुटतात.
मी पिंपाच्या झाकणावर जाऊन बसले.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो,
झाकणावर बसायची सवय आहे.
तो हसला, मग चिडला, मग घट्ट माल काढू लागला.
वर खांबाच्या सळया
स्लॅबच्या जाळीत आडव्या होऊन गुंतल्या होत्या.
शफी म्हणाला, आता वाऱ्याला छत न्यायचं तर
पायापासून सगळं घर उचलावं लागंल.

आणि मग चौदा दिवस पाणी.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
की छत बांधून झाल्यावर ते पाजावं लागतं.
राजव्वा गड्डमनं रोज दोन घागरी दिल्या,
तिच्या मुलानं एक, कुरकुरत.
गोणपाट अंथरून मी पहाटे शिंपत होते;
खाली दुसऱ्या गोणपाटात माझी पानं.
तेच पाणी.
पान मऊ पडतं, वळतं.
हे मात्र दिवसेंदिवस हट्टी होत गेलं.

भूकंप आला नाही. येईल, न येईल.
रिंगा आत आहेत, आता कुणालाच दिसणार नाहीत.
आलेल्या पाहुण्याला मी रंग दाखवते.

वारा मात्र आला, पुढच्या वैशाखात, रात्री दोनला.
नवरा झोपेतच उठून खाट कोपऱ्यात ओढू लागला,
मग मध्येच थांबला, उभा राहिला.
काहीच वाजत नव्हतं.
त्या शांततेनं मलाही झोप येईना.
तिसऱ्या गल्लीत कुठेतरी पत्रा
दात वाजल्यासारखा थडथडत होता.

सकाळी दगड हातगाड्यावर घालून
चिलकांकडे पाठवले.
दहाच.
अकराव्याखाली माझी पानं दाबलेली असतात.