पिल्लामागे दोनशे क्रोना

ऑगस्ट सरता सरता
पफिनची पिल्लं कड्यातल्या बिळांतून निघतात,
चंद्र समजून बंदराच्या दिव्यांकडे झेपावतात
आणि बदाबदा आमच्या गल्ल्यांत पडतात,
मोटारींखाली, कुंपणात, जाळ्यांच्या ढिगात.
त्या रात्री बेटावरची पोरं झोपत नाहीत.
माझी आई झोपली नाही, मी झोपले नाही.
हातात विजेरी, काखोटीला पुठ्ठ्याचं खोकं,
आणि घरचं कुणी ओरडत नाही, हे केवढं सुख.
सकाळी कड्यावर जाऊन पिल्लू वाऱ्यावर भिरकावायचं.
बस. ते समुद्राकडे. आपण न्याहारीला घरी.

आता मी वजनकाट्यावर बसते.
पिल्लू डब्यात, डबा काट्यावर, ग्रॅम वहीत.

मासळी कारखान्याला पन्नास वर्षं झाली
त्या साली त्यांचा माणूस आला. भला होता.
म्हणाला, पोरांना जरा हुरूप येऊ दे,
पिल्लामागे दोनशे क्रोना, पहिल्या नंबराला सायकल.
फळा मीच टांगला. खडूही मीच आणला.
हौसेला मोल नसतं म्हणतात;
आम्ही लावलं.

सोल्वी तेव्हा चौदाचा.
त्याने बेटाचा नकाशा चौकोनांत आखला,
धाकट्या भावांना कामाला लावलं, पिल्लामागे वीस क्रोना.
दाराशी आला की एकच प्रश्न: माझे किती झाले?
एकदा त्याच्या खोक्यात एक निघालं,
अंगावर अजून करडी लव, एकशे साठ ग्रॅम.
ते दिव्याला भुलून आलेलं नव्हतं.
बिळात हात घालून ओढलेलं होतं.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने फळ्याकडे.
मी आकडा लिहिला.
मापात पाप नव्हतं. ग्रॅम बरोबर होते.

उग्ला रोज एकच आणायची.
नाव काय लिहू? राहू दे.
अगं, पैसे मिळतील.
मग मला घाई होईल, म्हणाली,
आणि पिल्लाच्या पायांचे पडदे बोटाने उलगडून बघत बसली.
मला वाटलं, हिला मी ओळखते.

पुढच्या साली करार संपला. फळा राहिला.
पिल्लं तेवढीच पडली,
खोकी मात्र अकरा वाजताच दिसेनाशी झाली.
सोल्वी पायरीवर फोन घेऊन बसलेला,
चार हातांवर गटाराशी एक पिल्लू धडपडत होतं.
उचल की, म्हटलं.
फुकट? त्याने विचारलं.
उद्धटपणे नाही. खरंच विचारत होता.

उग्लाही आली नाही, हेही सांगायला हवं.
तिला कुणी पैसे दिले नव्हते, कुणी अडवलंही नव्हतं.
थोराड झाली, गिटार शिकू लागली, विषय संपला.
आतला दिवाही विझतो,
त्याला कुणाचा करार संपावा लागत नाही.
मीच उगाच तिला
फळ्याविरुद्ध साक्षीला उभी करत होते.

यंदा, रात्री दोनला, दार ढकलून सोल्वी.
अठराचा, मिसरूड, त्याच कारखान्यात रात्रपाळी,
रबरी बुटांना खवले चिकटलेले.
खोकं नाही. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत,
आणि छातीशी काहीतरी हलतंय.
अंगठ्यावर चोचीची जखम.
वाटेत होतं, म्हणाला, चोरी सापडल्यासारखा.
मी सवयीने खडू घेतला.
तो फळ्याला पाठ करून काट्यावर वाकला.
किती भरलं?
दोनशे बहात्तर.
पुरेल? तिथवर जायला?

तीस वर्षांत हे मला एकाही मुलाने विचारलं नव्हतं.
उग्लाने नाही.
मी माझ्या आईला नाही.
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
पाळी सहाला सुटते, म्हणाला, तोवर ठेवाल?
ठेवते.
खोक्यावर काही लिहिलं नाही.